पोटाच्या एकाच दुखण्यावर तीन डॉक्टर तीन गोष्टी का सांगतात, आणि तज्ज्ञांची मतं मोजतात कशी

आपल्या खान्देशात पोटाचा पेशंट साधारण एकाच रस्त्याने फिरतो. आधी मेडिकलवरून गॅसची गोळी, मग गावातला डॉक्टर, मग तालुक्याला एमडी, मग जळगावला नाहीतर धुळ्याला जाऊन दुर्बिणीची तपासणी, आणि तरी भागलं नाही तर नाशिक, संभाजीनगर, आणि नंदुरबार-नवापूरकडचे लोक सरळ भुसावळ-सुरत गाडीत बसून सुरत गाठतात. फाईल जाड होत जाते आणि गोंधळही वाढत जातो. एकाने सांगितलेलं असतं की चार आठवडे गोळी घ्या, काही नाही तुम्हाला, दुसरा म्हणतो आधी नळी टाकून बघू, तिसरा म्हणतो जंतू आहे, चौदा दिवसांचा कोर्स करा. मग माणूस घरी येऊन विचारतो, "तीन डाक्टरस्नी तीन गोष्टी सांग्यात, आते कोनं आयकू मी?"

मी डॉक्टर नाही, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पण माझी भाची पोटविकारतज्ज्ञ आहे आणि तिच्याकडे येणारे सर्व्हेचे फॉर्म आम्ही दोघं मिळून बघतो, ती औषधाच्या बाजूने आणि मी आकड्यांच्या बाजूने, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा झालाय. आणि मला मनापासून वाटतं की हे सामान्य माणसाला कळायलाच पाहिजे, कारण तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगतात तेव्हा त्यातला एक खरा आणि दोन लबाड असं बहुतेक वेळा नसतं. बऱ्याचदा तो प्रश्नच अजून सुटलेला नसतो. कुठला प्रश्न सुटलाय आणि कुठला नाही हे शोधायची एक रीतसर पद्धत आहे, ती म्हणजे त्या विषयातल्या पुष्कळ डॉक्टरांना नीट, ठरवून, एकसारखे प्रश्न विचारणं.

आता कोणी म्हणेल, मतं कशाला विचारायची, विज्ञान आहे ना, प्रयोग करा आणि बघा. बरोबर आहे, जिथे होतो तिथे करतातच. अपेंडिक्सचंच घ्या. फिनलंडमध्ये साध्या, गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सच्या ५३० पेशंटवर ट्रायल झाली, अर्ध्यांचं ऑपरेशन केलं आणि अर्ध्यांना नुसती अँटिबायोटिक्स दिली. २०१५ मध्ये पहिल्या वर्षाचा निकाल आला. अँटिबायोटिक्सवाल्यांपैकी साधारण २७ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलंच, पाच वर्षांनी बघितलं तर हा आकडा ३९ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे शंभरातले साठेक जण पाच वर्षं ऑपरेशनवाचून राहिले. आकडा स्वच्छ आहे, त्यावर वाद नाही, पण आता सांगा की काय करायचं? जळगाव शहरात राहणारा माणूस, रात्री दुखलं तर पंधरा मिनिटांत सर्जनपुढे उभा राहील, तो म्हणेल थांबून बघू. आणि धडगावच्या वरच्या पाड्यावरचा माणूस, पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर त्याचं काय, त्याच्या डॉक्टरला वाटू शकतं की आत्ता आलाय तर काढूनच टाकू. एकच आकडा, दोन निर्णय, आणि दोन्ही शहाणे. म्हणून ट्रायल असली तरी मत लागतंच, आणि जिथे ट्रायलच नाही, म्हणजे दुर्मिळ आजार, म्हातारे पेशंट, गरोदर बाया, दोन-तीन आजार एकत्र असलेली माणसं, तिथे तर अनुभवी डॉक्टरांच्या मताशिवाय हातात फार काही नसतं. पुराव्याच्या उतरंडीत तज्ज्ञाचं मत सगळ्यात खालच्या पायरीवर मानतात हे खरंय, पण काही प्रश्नांना ती एकच पायरी आहे, म्हणून ती पायरी निदान पक्की तरी असावी.

ती पक्की कशी करतात ते बघू. समजा फॉर्मवर असा प्रश्न आहे: "३५ वर्षांचा शेतकरी, दोन महिन्यांपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ, वजन कमी नाही, उलटी नाही, काळी शौच नाही, रक्त तपासणी नॉर्मल. तुम्ही आधी काय कराल?" खाली पर्याय, चार आठवडे ॲसिड कमी करणारी गोळी, हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी, दुर्बीण, किंवा नुसता आहाराचा सल्ला. असा गोष्टीसारखा पेशंट समोर ठेवून विचारलं की डॉक्टरला खराखुरा विचार करावा लागतो. "तुम्ही मार्गदर्शक सूचना पाळता का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणणार, कोण नाही म्हणेल. आता याच शेतकऱ्याचं वय ६२ करा, बाकी एक अक्षर बदलू नका, आणि पुन्हा विचारा. उत्तरं किती सरकली ते मोजा. त्यावरून कळतं की डॉक्टरांच्या मनात वयाची रेघ कुठे आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या २०१७ च्या संयुक्त सूचनेत ही रेघ ६० वर आहे, म्हणजे साठीच्या पुढे नव्याने अपचनाचा त्रास सुरू झाला तर दुर्बीण करा, त्याखाली सरसकट नको. पण ही साठ काही देवाने दिलेली नाही, त्या देशात जठराचा कॅन्सर कुठल्या वयात किती होतो आणि दुर्बिणीला खर्च किती येतो यावरून ती आली. दुसऱ्या देशात रेघ अलीकडे असू शकते, असतेही.

प्रश्नाची भाषा फार महत्त्वाची. "या पेशंटला दुर्बीण न करण्याचा धोका तुम्ही पत्कराल का?" आणि "या पेशंटला विनाकारण दुर्बिणीला पाठवाल का?" हे दोन्ही एकच विचारतात पण पहिल्याला बरेच डॉक्टर नाही म्हणतील आणि दुसऱ्यालाही नाहीच म्हणतील, म्हणजे एकाच डॉक्टरकडून दोन उलटी मतं निघाली. म्हणून कुठल्याही सर्व्हेची बातमी आली की मी आधी मूळ प्रश्न शोधतो, टक्केवारी नंतर.

मग विचारायचं कोणाला. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. फॉर्म हजार जणांना पाठवला आणि दीडशे जणांनी भरला, तर बातमीत येतं "८० टक्के तज्ज्ञांचं मत", पण ते ऐंशी टक्के दीडशेचे, म्हणजे एकशेवीस माणसं, आणि उरलेल्या साडेआठशेंना काय वाटतं हे कोणालाच माहीत नाही. जे भरतात ते बहुतेक त्या विषयात आधीच रस असलेले असतात, परिषदांना जाणारे, मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचे. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या डॉक्टरला दिवसाला शंभर पेशंट, तो कधी भरणार फॉर्म? केळीच्या भावाचं मत फक्त व्यापाऱ्यांना विचारावं आणि रावेरच्या शेतकऱ्याला विचारूच नये तसं होतं हे. त्यातून फॉर्म एखाद्या औषध कंपनीच्या पैशातून आला असेल आणि प्रश्न त्यांच्याच गोळीबद्दल असेल तर ते उत्तर कसं वाचायचं हे वेगळं सांगायला नको. पैसा कंपनीचा आहे म्हणून सर्व्हे खोटाच असं मी म्हणत नाही, पण पैसा कोणाचा, प्रश्न कोणी लिहिले, किती जणांना पाठवले आणि किती परत आले हे लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा बाजूला ठेवतो.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. डॉक्टर फॉर्मवर जे लिहितो ते तो दवाखान्यात करतो का? याचा एक फार सुंदर अभ्यास भारतातच झाला, कर्नाटक आणि बिहारमध्ये, २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आला. विषय साधा, लहान मुलांचे जुलाब. ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची मीठ-ग्लुकोजची पुडी, द्यायची हे डॉक्टरला माहीत असतं, विचारलं तर सांगतो, पण चिठ्ठीवर अँटिबायोटिक येतं. असं का? संशोधकांनी शिकवून तयार केलेली माणसं दोन हजारांहून जास्त डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी जाऊन सांगायचं की आमच्या दोन वर्षांच्या लेकराला जुलाब होतात, काहींनी म्हणायचं की ओआरएसने बरं वाटलं होतं, काहींनी अँटिबायोटिकचं नाव घ्यायचं, काहींनी काहीच नाही. निघालं असं की डॉक्टर ओआरएस देत नाहीत याच्या कारणांत ४२ टक्के वाटा एकाच समजुतीचा होता, की पेशंटला ओआरएस नकोच असतं. साठा संपलेला असणं हे कारण ६ टक्के आणि औषधातून मिळणारा पैसा ५ टक्के. आपण कट्ट्यावर बसून म्हणतो ना की सगळे पैशासाठी करतात, तर निदान या एका बाबतीत ते मोजून बघितलं आणि मोठं कारण वेगळंच निघालं. म्हणजे डॉक्टरला वाटतं की गावचा माणूस पुडी दिली की नाराज होतो, आणि गावच्या माणसाला कोणी विचारलेलंच नसतं. दवाखान्यात जाऊन "डॉक्टरसाहेब, ओआरएस चालेल का?" एवढं बोललं तरी चिठ्ठी बदलू शकते.

नुसत्या सर्व्हेच्या पुढची पद्धत म्हणजे डेल्फी. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये लष्करी अंदाज बांधायला ही काढली, नंतर वैद्यकात आली आणि पोटाच्या आजारांत तर भरपूर वापरली जाते. २००६ मध्ये जठरातलं ॲसिड अन्ननलिकेत वर येण्याच्या आजाराची जगभर चालणारी व्याख्या ठरली ती याच पद्धतीने, १८ देशांतल्या ४४ तज्ज्ञांनी मिळून. करतात काय, तर तज्ज्ञांना एका खोलीत बसवायचं नाही. प्रत्येकाला वाक्यं पाठवायची, त्याने आपापल्या जागी मत द्यायचं, नाव कोणालाच कळत नाही. मग सगळ्यांची मतं मोजून, कोणाचं नाव न सांगता, परत प्रत्येकाला पाठवायची की बाबा रे, गटाचं मत असं पडलं, विरोधात हे हे मुद्दे आले, आता तुझं मत पुन्हा दे. असं दोन-तीन वेळा. नाव लपवायचं कारण आपल्याकडे तर समजावूनच सांगायला नको, मोठे सर बोलले की खालचे सगळे माना डोलावतात, त्यातल्या एखाद्या तरुण डॉक्टरला वेगळं वाटत असलं तरी तो परिषदेत सरांसमोर उठून बोलणार नाही. कागदावर, नाव नसताना, बोलतो.

या फेऱ्यांत वाक्य कसं बदलतं ते बघण्यासारखं असतं. समजा पहिल्या फेरीत वाक्य गेलं, "पित्ताशयात खडे असलेल्या पेशंटचं ऑपरेशन करावं." अर्धे हो, अर्धे नाही. शेरे येतात की कुठला पेशंट, दुखतंय का, की सहज सोनोग्राफीत दिसलं? दुसऱ्या फेरीत वाक्य होतं, "पित्ताशयातल्या खड्यांमुळे पोटदुखीचा झटका येऊन गेलेल्या, ऑपरेशनला फिट असलेल्या पेशंटचं ऑपरेशन करावं." आता जवळपास सगळे हो म्हणतात. आणि वेगळं वाक्य, "काहीच त्रास नसताना सोनोग्राफीत सहज सापडलेल्या खड्यांचं सरसकट ऑपरेशन करावं," याला जवळपास सगळे नाही म्हणतात. बघा, पहिल्या फेरीत जो कडाक्याचा मतभेद दिसत होता तो मतभेद नव्हताच, अर्धे एका पेशंटचा विचार करत होते आणि अर्धे दुसऱ्या. आपल्या फाईलमधल्या तीन डॉक्टरांचं पुष्कळदा हेच झालेलं असतं, एकाला तुम्ही सांगितलं की जेवल्यावर कळ येते, दुसऱ्याला सांगायचं राहून गेलं.

मतं मोजायची रीतही नीट समजून घ्यायला पाहिजे, माझ्या विषयाचा भाग आहे म्हणून जरा थांबून सांगतो. रँड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८० च्या दशकात एक पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक तज्ज्ञ एखाद्या उपचाराला १ ते ९ गुण देतो, १ म्हणजे अजिबात योग्य नाही, ९ म्हणजे पूर्ण योग्य. समजा नऊ तज्ज्ञांनी असे गुण दिले: १, २, २, ७, ८, ८, ८, ९, ९. बेरीज ५४, सरासरी ६. पण सहा गुण तर कोणीच दिले नाहीत! सरासरी इथे अशा जागी बोट दाखवते जिथे एकही माणूस उभा नाही. म्हणून या पद्धतीत मध्यक घेतात, म्हणजे ओळीत मधला, तो आला ८. आठ म्हणजे "योग्य" असं लिहून मोकळं व्हावं का? तर नाही, नियम असा की नऊ जणांच्या गटात तीन किंवा जास्त जण १ ते ३ मध्ये असतील आणि तीन किंवा जास्त जण ७ ते ९ मध्ये असतील तर तो मतभेद धरायचा आणि उपचार "अनिश्चित" या खान्यात टाकायचा. इथे तिघं खाली आहेत, सहा वर. म्हणजे अनिश्चित. बहुमत सहाचं होतं तरी. मला हा नियम फार आवडतो, कारण वैद्यकात तीन शहाणी माणसं ठामपणे नको म्हणत असतील तर त्यांना काहीतरी दिसलेलं असण्याची शक्यता असते, ते निवडणुकीसारखं पाडून टाकायचं नसतं. आणि एकमत किती टक्क्यांना म्हणायचं, ७५ की ८०, हे मतं यायच्या आधी लिहून ठेवायला पाहिजे, नाहीतर ७६ आले की लोक म्हणतात आमची रेघ ७५ लाच होती.

आता जागेचा प्रश्न. परदेशातल्या तज्ज्ञांचं एकमत आपल्याकडे जसंच्या तसं चालतं का? पुष्कळ वेळा चालतं, पण पोटाच्या बाबतीत काही ठिकाणी चांगलंच अडतं. सगळ्यात मोठं उदाहरण आतड्याच्या टीबीचं. मोठं आतडं आणि लहान आतडं जिथे मिळतं तिथे दुर्बिणीत व्रण दिसतात, पेशंट बारीक झालेला, ताप, पोटात कळा. युरोपातला डॉक्टर आधी क्रोन नावाच्या, आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजाराचा विचार करेल, आणि आपल्याकडच्या डॉक्टरला आधी टीबी आठवतो. दोन्ही दुर्बिणीत सारखे दिसतात, तुकडा काढून तपासला तरी पुष्कळदा फरक कळत नाही. आणि चूक महागात पडते, कारण क्रोनला स्टेरॉइड देतात आणि टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. मग इथल्या तज्ज्ञांनी अनुभवातून एक वाट काढली, शंका असेल तर आधी टीबीची औषधं सुरू करायची, साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून बघायचं, व्रण भरले असतील तर टीबी, नसतील भरले तर क्रोनकडे वळायचं. नुसतं बरं वाटतंय यावर जायचं नाही, व्रण बघायचाच. म्हणून तुमच्या घरात कोणाला असं सांगितलं असेल की "आधी टीबीचं औषध देऊन बघू, मग पुन्हा नळी टाकू" तर तो डॉक्टर अंधारात चाचपडतोय असं समजू नका, ही ठरलेली रीत आहे, आणि दुसरी दुर्बीण पैशापायी टाळू नका.

टीबीचं औषध किती महिने हाही वाद होताच, कोणी सहा द्यायचं, कोणी नऊ, कोणी वर्षभर. तो ट्रायलने सोडवला, दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पोटाच्या टीबीवर सहा विरुद्ध नऊ महिने अशी तुलना झाली, २०१५ मध्ये निकाल छापला गेला, सहा महिने नऊइतकेच चांगले ठरले. पुढच्या वर्षी आलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत पोटाच्या टीबीला सहा महिनेच आले. असा प्रवास व्हायला पाहिजे, मतभेद दिसला, मोजला, ट्रायल झाली, मतभेद मिटला. सर्व्हेचा खरा उपयोग हाच, डॉक्टर कुठे दोन गटांत फुटलेत ते दाखवतो म्हणजे पुढची ट्रायल कुठे करायची ते कळतं.

हेलिकोबॅक्टरचंही तसंच. हा जंतू जठरात राहतो, भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत सापडतो आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही, पण काहींना अल्सर देतो. म्हणून "जंतू निघाला" एवढ्यावर घाबरायचं कारण नाही, पण अल्सर आणि जंतू दोन्ही असतील तर कोर्स पूर्ण करायलाच पाहिजे. युरोपातले तज्ज्ञ १९९६ पासून ठराविक वर्षांनी बसून यावर एकमत ठरवतात, पण आपल्याकडे मेट्रोनिडाझोल हे त्या कोर्समधलं एक औषध गावोगाव जुलाबाला इतकं वाटलं गेलंय की त्याला दाद न देणारे जंतू खूप झालेत, तेव्हा तिथली गोळ्यांची जोडी इथे तितकी लागू पडत नाही. बद्धकोष्ठाची व्याख्यासुद्धा बघा, पश्चिमेच्या पुस्तकात आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा. आपल्याकडे बहुतेक लोक रोज एकदा तरी जातात, कोणी दोनदा. आठवड्यातून चारदा जाणारा इथला माणूस त्या व्याख्येत बसत नाही, पण हैराण झालेला असतो, आणि भारतीय तज्ज्ञांनी इथल्या लोकांचा अभ्यास करून हा फरक दाखवून दिलाय.

बहुमत चुकू शकतं का? चुकतं, आणि पोटाच्या आजारांतच याची मोठी उदाहरणं आहेत. अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो असं सगळं जग धरून बसलं होतं तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलने १९८४ मध्ये स्वतः तो जंतू पिऊन दाखवला, २००५ ला त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. पण मला त्याहून जास्त आपल्या दिलीप महालनोबिसांचं काम सांगावंसं वाटतं. १९७१, बांगलादेशचं युद्ध, पश्चिम बंगालमध्ये बनगावला निर्वासितांची छावणी, कॉलरा पसरलेला. तेव्हाचं रूढ मत होतं की मोठ्या जुलाबाला सलाईनच पाहिजे आणि तीही शिकलेल्या माणसाने लावलेली. तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजे आजचं ओआरएस, देऊन भागतं हे ढाका-कोलकात्याच्या संशोधकांनी त्याआधीच दाखवलं होतं, पण हॉस्पिटलच्या बाहेर, नातेवाइकांच्या हाती हे सोपवायला कोणी तयार नव्हतं. छावणीत सलाईन संपली. महालनोबिसांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरले आणि घरच्यांनाच सांगितलं पाजत राहा. छावण्यांत शंभरातले वीस-तीस दगावत होते, त्यांच्याकडे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. आतड्यात ग्लुकोज असलं की त्याच्या सोबतीने मीठ आत शोषलं जातं आणि मिठामागे पाणी, कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद होत नाही, एवढी ती युक्ती. तेव्हा तज्ज्ञांचा सर्व्हे घेतला असता तर बहुमत सलाईनच्या बाजूने पडलं असतं असं मला वाटतं. २०२३ ला त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. म्हणून सर्व्हे हा आज डॉक्टर काय मानतात याचा फोटो आहे, सत्याचा नाही, आणि चांगला सर्व्हे करणारे लोक हे स्वतःच लिहितात.

खाण्यापिण्याबद्दल तर डॉक्टरांची मतं सगळ्यात जास्त पांगलेली दिसतात, आणि कारण सरळ आहे, पुरावा कमी आहे. एक म्हणेल शेवभाजी कायमची बंद, दुसरा म्हणेल खा पण रात्री नको. तिखटाने अल्सर होतो याला आधार नाही, पण ज्याला जळजळ आहे त्याला तिखट-तेलकट खाऊन त्रास वाढू शकतो, आणि तो माणसागणिक वेगळा. पोटात सारखा गॅस, कळा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ अशांना हल्ली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचा फॉडमॅप आहार सांगतात, त्यात आतड्यात आंबणारे पदार्थ काही आठवडे बंद करून मग एकेक परत आणतात. त्यावर चांगले अभ्यास झालेत. पण ती छापील यादी तशीच्या तशी आपल्या हातात दिली तर कांदा बंद, लसूण बंद, गहू बंद, बहुतेक डाळी बंद, मग खान्देशी माणसाने खायचं काय? यादी नीट वाचली तर वाट निघते. हिवाळ्यातल्या भरिताचंच बघा, वांगं चालतं, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, खालचा पांढरा भाग चालत नाही, लसूण तेलात तळून काढून टाकली तर तेलाला वास राहतो आणि त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. कळण्याच्या भाकरीतला उडीद त्या काही आठवड्यांपुरता बाजूला ठेवून नुसत्या ज्वारीची केली तर चालते. हे सगळं आपल्या भागातल्या आहारतज्ज्ञांना विचारून, आपल्याच जेवणावर बसवून लिहायला पाहिजे, असा सर्व्हे कोणीतरी करावा अशी माझी फार इच्छा आहे.

तज्ज्ञांचे गट आता शिफारस देताना दोन गोष्टी वेगळ्या लिहितात, पुरावा किती पक्का आणि शिफारस किती ठाम. ग्रेड नावाच्या या पद्धतीवर २००० पासून काम सुरू झालं. "ठाम" शिफारस म्हणजे जवळपास प्रत्येक पेशंटने हेच करावं. "सशर्त" म्हणजे माणूस बघून, त्याची परिस्थिती आणि इच्छा बघून ठरवावं. जुलाबात ओआरएस ठाम. अपेंडिक्सला अँटिबायोटिक की ऑपरेशन, हा विचारून ठरवायचा मामला. तर डॉक्टरसमोर बसल्यावर "दुसऱ्याने असं का सांगितलं?" असं विचारण्यापेक्षा, ज्याने समोरचा डॉक्टर उगाच अवघडतो, असं विचारा: "साहेब, यात सगळे डॉक्टर हेच करतात का, की दोन रस्ते आहेत? दुसरा रस्ता घेतला तर काय होईल?" बहुतेक डॉक्टर याचं उत्तर खुशीने देतात. ठाम गोष्ट असेल तर ठामपणे सांगतील, नसेल तर दोन्ही बाजू सांगतील, आणि मग तीन डॉक्टरांच्या तीन गोष्टी एका कागदावर मांडता येतात. मात्र वजन उतरणं, शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, घास अडकणं, सारखी उलटी, रक्त कमी होत जाणं, यातलं काही असेल तर मतं जमवत बसायचं नाही, तपासणी करायची, यावर डॉक्टरांत वाद नाही.

शेवटी आपल्याच भागातला एक प्रश्न, जिथे तज्ज्ञांची मतं नीट गोळा करण्याची खरी गरज आहे. नंदुरबार आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य जास्त तयार होतं आणि पित्ताशयात त्याचे खडे बनतात, अगदी शाळकरी वयातसुद्धा. वर मी लिहिलं की त्रास नसलेल्या खड्यांना हात लावायचा नाही, तो नियम इथे डळमळतो. कारण सिकलसेलच्या पेशंटला पोटदुखीचा झटका सिकलसेलमुळेही येतो आणि खड्यामुळेही, दोन्हीत फरक करणं अवघड, आणि घाईत इमर्जन्सीला ऑपरेशन करावं लागलं तर धोका जास्त. म्हणून काही डॉक्टर म्हणतात त्रास नसतानाच, तयारीने काढून टाका, काही म्हणतात वाट बघा. याला मोठ्या ट्रायलचा आधार नाही, अनुभवावरच चाललंय, आणि ज्यांच्याकडे हे पेशंट रोज येतात ते डॉक्टर धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याकडचे, मोठ्या परिषदेत न दिसणारे, त्यांना फॉर्म गेला पाहिजे. ऑपरेशनच्या तयारीबद्दल मात्र थोडा पुरावा आहे, २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये ऑपरेशनआधी रक्त चढवलेल्यांपैकी १५ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न चढवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, आणि पोट दुखतं म्हणून तालुक्याला, धुळ्याला किंवा सुरतला कुठेही नेत असाल, तर सिकलसेलचं कार्ड फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि सोनोग्राफीच्या टेबलावर झोपायच्या आधीच डॉक्टरला सांगा.